शेवंतामायचा उजवा हात

चार जणांनी मिळून एका बाईला मारलं आणि त्या मारहाणीची एकेक रेघ मी गिरवली. पानं बावीस. गिरवताना हात एकदाही थांबला नाही, हेच मला अजून खातं.

या अंकाच्या संपादकांनी मला 'तुमच्या वेगळ्या कामाबद्दल लिहा' असं कळवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी शाळा आठवीत सुटली. लिहिलेलं कुणी वाचेल म्हटलं की कागद लपवावासा वाटतो. पण मग वाटलं, एवढा राग आतच ठेवून काय करायचं? शुद्धलेखनाचं तुम्ही बघा, रागाचं मी बघते.

आधी काम सांगते. चित्रकथेचं पुस्तक एका माणसाच्या हातून होत नाही. एक जण गोष्ट लिहितो, दुसरा पेन्सिलीने चित्रं काढतो, तिसरा त्यावर काळी शाई चढवतो, चौथा रंग भरतो, पाचवा फुग्यांत शब्द घालतो. मी तिसरी. पेन्सिलवाल्याची पानं मला मेलवर येत. इचोड्याच्या नेट सेंटरमधून मी ती फिक्या निळ्या रंगात जाड कागदावर छापून घ्यायची आणि त्या निळ्यावर ब्रशने काळी रेघ ओढायची. स्कॅन करताना निळं काढून टाकता येतं, माझं काळं तेवढं राहतं. जवळचं असेल ते जाड, लांबचं बारीक. वजन असेल तिथे रेघ दाबायची, वारा असेल तिथे सोडायची. लोकांना वाटतं हे नुसतं गिरवणं आहे. असू दे. पण पेन्सिलीचा मनुष्य कागदावर तरंगत असतो, त्याला जमिनीवर उभा मी करते.

आणि एक नियम. शाईवालीने पेन्सिलीची रेघ बदलायची नाही. नाक वाकडं असेल तर वाकडंच गिरवायचं. सहा वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! आता वाटतं, अभिमानासाठी दुसरं काही शोधायला हवं होतं.

मूळची मी देवगडकडची, खाडीकाठची. लग्न होऊन तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याला आले. नवरा ट्रकवर होता. दोन वर्षांनी तो नागपूरच्या बाजूला गेला आणि तिकडचाच झाला. माहेरी परत जाण्याइतकं माहेर उरलं नव्हतं. मी ब्लाउजांवर खाका मारायचं काम करत होते. म्हणजे नक्षी कागदावर काढायची, सुईने तिच्या रेघांवर बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून रॉकेल आणि पावडरीचा बोळा फिरवायचा. भोकांतून ठिपके उतरतात, त्यांवर मग भरतकाम होतं. ठिपका माझ्या हातात आहे तो तेव्हापासून.

खोली सोडायची वेळ आली तेव्हा हायवेच्या कडेला, वांग्या-टोमॅटोच्या वावराला लागून असलेल्या घरातून एक बाई आली. मी तिला बाजारात पाहिलेली, इतकंच. माझी पेटी तिने विचारल्याशिवाय उचलली आणि खांद्यावर टाकली.

"चाल वं. गोठ्याजवळची खोली रिकामीच हाय. वास येईन जरासा. मानसाईपेक्षा बरा."

ती शेवंतामाय. पन्नाशी उलटलेली, दारात उभी राहिली तर दार भरून जाईल अशी. भाजीचे दोन भरलेले क्रेट एकावर एक खांद्यावर घेऊन ती रस्त्यापर्यंत येते, तेही बोलत बोलत. मग उजवा हात वर करते. नुसता वर करते, हलवत नाही. गुडीहत्नूरवरून आदिलाबादच्या बाजाराला जाणारा टेम्पो कितीही जोरात असू दे, थांबतो. त्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण आहे. वर तुळशीवृंदावन, खाली ठिपक्यांच्या दोन ओळी, मनगटाशी पाच ठिपक्यांची फुली. लहानपणी जत्रेत तिच्या आईने मांडीवर घट्ट धरून गोंदवलेलं. शेवटची ओळ जरा तिरकी आहे, कारण तेव्हा तिने हात हिसकला होता. हे ती दरवेळी हसून सांगते.

तिच्या खोलीत बसूनच मला हे शाईचं काम मिळालं. फोनवर एका कंपनीची जाहिरात पाहिली, नमुना पाठवला. पुस्तकाचं नाव 'गगनचौकडी'. चार वीर. एक उडतो, एक वीज सोडतो, एक अदृश्य होतो, आणि चौथी बाई आहे, तिचं काम मुख्यतः केस उडवण्याचं. ऑफिसकडून येणाऱ्या सूचना तरी काय सांगू! एकदा उडणाऱ्याच्या पोटावर स्नायूंच्या सहाऐवजी आठ गाठी मागितल्या. मी विचारलं, हा जेवतो की नाही? एकदा चौथीची कंबर इतकी बारीक आली की मी निखिलसरांना, म्हणजे कंपनीच्या संपादकांना, फोन करून म्हटलं, सर, हिची आतडी कुठे ठेवायची? ते हसले. ते नेहमी हसायचे. मला 'ताई' म्हणायचे. गावाबाहेर राहणाऱ्या, कमी शिकलेल्या बाईला कुणी ताई म्हटलं की तिला ते किती दिवस पुरतं, हे ज्याला गरज पडली त्यालाच कळेल.

तर झालं असं की एका अंकात उडणारा ट्रक उचलतो. पेन्सिलवाल्याने तो व्यायामशाळेतल्या पोरांचे फोटो बघून काढला होता. मी पाहिलं आणि म्हटलं, असं वजन उचललं तर मान मोडेल. वजन मानेवर नसतं, कमरेवर असतं. एक पाय आधी रुततो, मग दुसरा येतो. "मग दाखवा ना ताई, फोटो पाठवा," सर म्हणाले. आमच्याकडे सगळ्यांसाठी एक सामाईक फोल्डर होतं. कुणीही नमुन्याचे फोटो त्यात टाकावे, कुणीही वापरावे. मी सकाळी रस्त्यावर शेवंतामायचे दहाबारा फोटो काढले. क्रेट उचलताना, तोलताना, टेम्पोला हात करताना. फोल्डरला नाव दिलं 'ताकद'.

तिला विचारलं नाही. "काय काढून राह्यली वं?" म्हणाली, तर मी म्हटलं, "असंच, माय." तिला वाटलं मला तिचा फोटो हवासा झाला. पदर सारखा करून हसली.

तो अंक निघाला. उडणाऱ्याने ट्रक उचलला तो शेवंतामायच्या पायांवर. तीच कंबर, तेच रुतलेलं पाऊल. वर चेहरा मात्र त्याचा, गोरा, गुळगुळीत. सगळ्यांनी कौतुक केलं. मी मनात म्हटलं, बघा, आमच्या माईच्या जोरावर तुमचा वीर उभा आहे. त्या वेळी तिचा चेहरा कुणाला नको होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

वर्षभराने नव्या अंकाची पानं आली. नवा खलनायक आणायचा होता. आडदांड, जनावरासारखा, बुद्धी नाही, नुसतं बळ. त्यातही नावीन्य म्हणून बाई. नाव 'दांडगी'.

पहिलं पान उघडलं आणि मी फोन उलटा ठेवला. जबडा पुढे ओढला होता, कपाळ दोन बोटांचं केलं होतं, लुगडं फाडून गुडघ्यावर नेलं होतं. पण खांदे माईचे, उभं राहणं तिचं, आणि वर केलेला तो उजवा हात. टेम्पो थांबवणारा हात इथे एका बसवर आदळत होता. त्यावर तुळशीवृंदावन, ठिपक्यांच्या दोन ओळी, मनगटाशी फुली. शेवटची ओळ तिरकी. पेन्सिलवाल्याने सगळं इमानदारीने उतरवलं होतं. त्याचा तिच्यावर काही राग नसणार. त्याला ती कोण हे ठाऊकच नव्हतं.

मला ठाऊक होतं.

मी निळी पानं छापायला नेट सेंटरात गेले. तिथल्या अजीमभाईंनी मशीनमधून निघणारा कागद हातात घेतला आणि चष्मा वर केला.

"बाई, ये तो अपनी माय हैं ना?"

"नहीं भाई. मिलती-जुलती है."

"हाथ पे का गोदना बी मिलता-जुलता?" त्यांनी कागद उलटा करून माझ्या हातात दिला. "तुमारा काम तुम जानो. मैं तो सिरफ छापताऊँ."

त्यांनी सुद्धा कागद उलटा केला होता. मी घरी येऊन तो सुलटा केला आणि ब्रश उचलला. भीती होती. 'नाही' म्हटलं तर हे काम जाईल, काम गेलं की पुन्हा रॉकेलचा बोळा, आणि पुढेमागे माईवर भार. म्हणजे माईवर भार पडू नये म्हणून मी माईला मार खायला लावत होते. असा हिशेब घाबरलेल्या माणसाला बरोबर वाटतो.

त्यात माझी आणखी एक लाज आहे, तीही सांगून टाकते. ती पानं माझ्या हातची सगळ्यात चांगली पानं आहेत. ते ठिपके मी एकेक करून ठेवले. एकही फुटला नाही, एकही दुसऱ्याला चिकटला नाही. सरांनी फोन करून सांगितलं, "ताई, कमाल केलीत. त्या हातात जीव आहे." मी 'थँक्यू सर' म्हणाले.

अंकाच्या प्रती कुरियरने आल्या त्या दिवशी मी बाजारात होते. पुडकं माईने घेतलं आणि उघडलं. माझं काम तिला बघायला आवडायचं. वाचता फारसं येत नाही, चित्रं बघायची. मी आले तेव्हा ती ओट्यावर बसली होती, एका बाजूला भेंडीचा ढीग, मांडीवर अंक. पान उलटताना बोटं लुगड्याला पुसत होती, अंक मळू नये म्हणून.

"मंदे, हे मी हाओ ना वं?"

खोटं बोलायची संधी होती. अजीमभाईंपुढे बोललेच होते. तिच्यापुढे जीभ उचलली नाही. मी होकाराची मान हलवली.

"त्यायले माहं गोंदण कसं ठाऊक?"

"मीच फोटो पाठवले होते, माय. त्या ट्रकच्या चित्रासाठी. हे असं करतील हे..."

"हं." तिने पान उलटलं. "हे चौघं कोन?"

"ते हिरो."

"चौघं?"

"हो."

"अन् मी एकली." आणखी एक पान. "काय केलं म्या?"

"पूल तोडला. शहरातला."

"काऊन?"

मी अंक हातात घेतला. बावीसच्या बावीस पानं मी गिरवली होती, पण कारण शोधायला पहिल्यांदाच पाहत होते. तिसऱ्या पानावर ती जमीन फोडून वर येते. चौथ्यावर पूल तोडते. सहाव्यावर बस. तोंडात शब्द दोनच, 'चिरडून टाकीन', बाकी सगळं गुरगुरणं. कुठून आली, तिला कुणी काय केलं, तिला काय हवं होतं, काही नाही. मागे मागे जाऊन मी पहिल्या पानावर आले. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं, सर्व पात्रे काल्पनिक आहेत.

"लिहिलेलं नाही, माय."

"असं कसं लिहिलं नाई? बिनाकामाचं कोनी पूल तोडते काय? मेहनत लागते बाप्पा पूल तोडाले!" मग तिला एकदम हसू आलं. "अन् हे फाटकं लुगडं काऊन वं? मले इचारलं असतं तं चांगलं नेसली असती. बस्त्यातलं हिरवं."

तीही हसली, मीही हसले. मला वाटलं, सुटले. मोठ्या मनाची बाई आहे, संपलं.

दुसऱ्या सकाळी ती क्रेट घेऊन रस्त्यावर गेली. मी ब्रश धूत दारात होते. टेम्पो दिसला. माईने उजवा हात उचलला, अर्ध्यातच खाली घेतला, आणि मनगटापर्यंत पदर ओढला. टेम्पो निघून गेला. मागून दुसरा आला तेव्हा तिने डावा हात केला. डाव्या हाताची तिला सवय नाही, तो बावळटासारखा हलतो. टेम्पोवाला पुढे जाऊन थांबला आणि ओरडला, "माय, आज कायले बाय बाय करून राह्यली?" ती दोन क्रेट घेऊन त्याच्यामागे धावली.

मी तिला धावताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी मी सरांना फोन लावला. मला मोठ्या माणसांशी भांडता येत नाही, म्हणून काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य वाचलं आणि कागद बाजूला ठेवला.

"सर, ती खरी बाई आहे. मी तिच्या घरात राहते."

"अहो ताई, पात्र काल्पनिक आहे."

"गोंदण काल्पनिक नाही."

"फोल्डरमध्ये टाकलं की ते टीमचं होतं. तुम्हीच टाकलं होतंत ना?"

"मीच. म्हणून तर फोन केला. पुढच्या भागात गोंदण काढा. आणि तिला काहीतरी कारण द्या. पूल का तोडला ते सांगा."

ते हसले, नेहमीसारखे. "खलनायकाला कारण दिलं की वाचक गोंधळतो, ताई. कुणाला टाळ्या वाजवायच्या ते कळत नाही."

हे वाक्य मी त्या कागदाच्या मागे लिहून ठेवलं आहे. अजून आहे. कारण दिलं की टाळ्या वाजत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे, सर, आणि म्हणूनच तुम्ही ते देत नाही! उचलायला ताकद लागली तेव्हा तिचे पाय घेतलेत आणि तोंड टाकून दिलंत. मारायला कुणी लागलं तेव्हा तोंडासकट घेतलंत, वर ते तोंडही वाकडं केलंत. रानातली, उन्हातली, मोठ्या हाडाची बाई दिसली की तुम्हाला ती चिरडणारीच का दिसते? ती भाजी पिकवते हो. तुमच्या चौकडीतल्या एकाने कधी वांगं तोडलंय का?

हे सगळं मी फोनवर बोलले नाही. फोनवर मी "बरं सर" म्हणाले. बोलते आहे ती इथे.

दोन आठवड्यांनी पुढच्या भागाची पानं आली. 'दांडगीचा अंत'. शेवटच्या पूर्ण पानावर पुलाचे दगड कोसळलेले, ती त्याखाली, आणि ढिगाऱ्यातून फक्त उजवा हात वर आलेला. सगळं गोंदण दिसेल असा, पानभर. सोबत सरांचा निरोप होता: 'हे पान खास तुमच्यासाठी. ते ठिपके तुमच्याशिवाय कुणाला जमत नाहीत.'

खरं सांगते, एक क्षण हात शिवशिवला. इतका मोठा हात, इतकं गोंदण, पानभर. आयुष्यात असं पान एकदा येतं. मग बाहेरून माईचा आवाज आला. ती गाईवर ओरडत होती. मी पानं छापलीच नाहीत. सरांना दोन ओळी पाठवल्या: 'मी हे पान करणार नाही. त्या हाताने माझी पेटी उचलली आहे.' नियम मोडून चोरून दुसराच हात काढावा, असंही एकदा मनात आलं होतं. पण मग ते पान माझंच राहिलं असतं.

त्यानंतर मला काम आलं नाही, ताई म्हणणारा फोनही आला नाही. मी पुन्हा खाका मारते. माईला सांगितलं तेव्हा ती चिडलीच. "येडी हायस काय? चित्रातल्या मारासाठी खरं काम सोडते?" आणि त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी जरा जास्तच वाढली.

'दांडगीचा अंत' निघाला. मला कुणी प्रत पाठवली नाही, अजीमभाईंनी कुठूनशी मिळवली आणि माईच्या हातात दिली. शाई दुसऱ्या कुणाची होती. मी शेवटचं पान आधी उघडलं. दगड, धूळ, वर आलेला हात. हातावर काहीच नव्हतं. त्या शाईवाल्याला घाई असावी, किंवा ठिपके कंटाळवाणे वाटले असावेत, त्याने गोंदण सोडून दिलं होतं. मी मागितलं होतं ते कुणाच्या तरी आळसाने मिळालं.

"बघ माय," मी म्हटलं, "ही तू नाहीस. गोंदण नाही."

माईने अंक डोळ्यांजवळ नेला. पदर बाजूला सरकवून स्वतःचा हात चित्रातल्या हाताशेजारी धरला. कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती हसेल, अंक फेकून देईल आणि उद्या उजवा हात वर करेल.

"हे मी नाई," ती म्हणाली. चित्रातल्या कोऱ्या हातावरून तिने बोट फिरवलं. "मंग हे कोन व्हय वं बिचारी?"